भाऊबीजेची कॉइल

आमच्या घरात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आली की ती आधी डायनिंग टेबलावर जाते. जेवण नंतर. आमचे हे नोकरीभर भोपाळच्या त्या मोठ्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होते. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं ह्यांना सोडलं, पण टेस्टिंगनं काही सोडलं नाही. सुनेचा केस वाळवायचा ड्रायर ह्यांनी पास केल्याशिवाय तिला लावता आला नव्हता. ती बिचारी ओल्या केसांनी पाहुण्यांना पोहे देत फिरत होती. अयोध्या नगरच्या आमच्या देवळात कोणीतरी आपोआप ढोल-घंटा वाजवणारं आरतीचं मशीन दिलं, ते ह्यांनी नापास केलं. तेव्हापासून पुजारी आम्हाला प्रसाद चिमटीनं देतो. फार काय, आमच्या लग्नात मी अंतरपाटामागे हार घेऊन उभी, भटजी घड्याळ बघतायत, आणि नवरदेव मंडपाच्या मागे! जनरेटरला अर्थिंग दिलंय की नाही ते बघायला गेले होते. माझ्या वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाई, अजून वेळ गेलेली नाही. मी नाही ऐकलं. आता भोगतेय.

तर त्या टेबलावर ह्या दिवाळीत माझ्या भावाची कॉइल आली.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, मंत्रालयात नोकरी करतो आणि कॉलेजपासून सिगारेट ओढतो. वडिलांचाच वारसा. वडील नागपूरहून ऑफिसबरोबर भोपाळला आले ते सिगारेट घेऊनच आले, आणि शेवटी खोकून खोकून गेले. तो खोकला कसा सुरू व्हायचा आणि कुठे थांबायचा, हे मला अजून पाठ आहे. भावाची बायको होती तोवर त्याची सिगारेट गॅलरीत असायची. ती गेली आणि सिगारेट घरभर झाली. मुलगा परदेशात. गेल्या उन्हाळ्यात भाऊ माझ्याकडे जेवायला आला आणि हात धुताना खोकला. मी पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. वडीलच खोकले असं वाटलं मला. डॉक्टर त्याला काय म्हणाले ते तो सांगत नव्हता, म्हणजे चांगलं काही म्हणाले नसणार. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. मला एकच भाऊ आहे.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. दर वर्षी ताटात पाकीट पडतं, ह्या वर्षीही पडलं. पण सिगारेटचं.

“ताई, ही तुझी ओवाळणी,” तो म्हणाला. “आजपासून बंद. बिलकुल बंद.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. निरांजन हातात तसंच. तेवढ्यात त्यानं खिशातून पितळेची एक नळी काढली.

“आणि आता हे.”

“हे काय? बासरी?”

“वाफेची सिगारेट. पोरानं दिली, मागच्या वेळी आला होता तेव्हा. ह्यात धूर नसतो, ताई. मतलब, भाप असते फक्त.”

आगीतून फुफाट्यात, मी मनात म्हटलं. ह्या वस्तूच्या विक्रीला आपल्याकडे बंदी आहे असं पेपरात वाचलेलं आठवलं, तसं मी विचारलं. मंत्रालयातला माणूस तो. म्हणाला, “ताई, ते प्रकरण विचाराधीन आहे.” त्याच्याकडे सगळीच प्रकरणं विचाराधीन असतात. पण म्हटलं, बुडत्याला काडीचा आधार. सिगारेट सुटत असेल तर सुटू दे आधी, मग ह्या बासरीकडे बघते.

मी एवढ्यावर गप्प बसले असते. पण भावानं पुढे एक वाक्य उच्चारलं आणि माझ्या दिवाळीचं वाटोळं झालं.

“पोरगा बोलला, ह्यातली कॉइल हातानं गुंडाळलेली असते. कोणा जाणकाराकडून चेक करून घ्या, मगच बटन दाबा. म्हटलं, आपले जीजाजी आहेतच.”

ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज आलं, ते आमच्या मुलाच्या बारशालाही आलं नव्हतं.

“पाच मिनिटांचं काम,” हे म्हणाले. “पण तोवर बटनाला हात लावायचा नाही.”

“और सिगारेट?” भावानं विचारलं.

“ती तर तू ओवाळणीत घातलीस,” मी पाकीट पदराखाली घेत म्हटलं. म्हणजे ठरलं असं की कॉइल पास होईपर्यंत ना सिगारेट, ना वाफ. पाच मिनिटांचाच प्रश्न होता.

ह्यांनी नळीचं वरचं टोपण काढलं. आत मिरीच्या दाण्याएवढी तारेची वेटोळी, आणि वेटोळ्यांतून ओवलेला कापूस, निरांजनातल्या वातीसारखा. ती तार तापते, कापसातलं गोडसर पाणी उकळतं आणि त्याची वाफ माणूस ओढतो. एवढंच यंत्र. हे भिंग घेऊन बराच वेळ आत बघत राहिले. मग नळी उलटी केली. मग सुलटी केली.

“फ्यूज कुठाय?”

“फ्यूज नाहीये, जीजाजी.”

“एमसीबी?”

“नाही. बॅटरी, बटन आणि कॉइल. बास.”

हे खुर्चीत मागे टेकले. बिनफ्यूजची वस्तू माणूस तोंडात धरतो, ह्याचा त्यांना धक्का बसला होता. “समोरच्यांना बोलवा,” ते म्हणाले.

समोरचे भाईसाब त्याच कारखान्यात क्वालिटीला होते. म्हणजे आमच्या ह्यांनी जे पास करायचं, त्यात भाईसाबांनी खोट काढायची, ह्याचा दोघांना पगार मिळत असे. आता पगार बंद झाला, पण काम चालू आहे. भाईसाब बनियनवरच आले, चष्मा पुसला आणि कॉइलकडे बघून म्हणाले, “भाईसाब, इसका एक पैर तो ढक्कन को छू रहा है.”

खरंच तारेचं एक टोक जरा लांब राहिलं होतं आणि टोपणाच्या कडेला जवळजवळ टेकत होतं. ते आधी आपल्याला दिसलं नाही म्हणून आमचे हे नाराज झाले. नखं कापायच्या कात्रीनं टोक छाटलं. कात्री माझी, सांगायला नकोच.

मग रेझिस्टन्स मोजायचा ठरला. मल्टिमीटर निघाला, त्यातले सेल संपलेले. माझ्या टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले. तिकडे माझ्या मालिकेतल्या सासूला विष दिलं जात होतं आणि मला आवाजसुद्धा वाढवता येईना. मीटरनं दाखवलं शून्य दशांश पाच. भाईसाब म्हणाले, आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून बघा. टेकवल्या, तर नुसत्या वायरींचंच शून्य दशांश तीन आलं. म्हणजे कॉइलचे उरले किती? दोन. हे म्हणाले, शक्य नाही, रिमोटचे सेल अशक्त आहेत. भाईसाब म्हणाले, आपकी वायर पुरानी है. हे म्हणाले, माझी वायर तुमच्या नोकरीपेक्षा जुनी आहे आणि तिनं कधी चूक केलेली नाही.

“मग दोनच धरू,” ह्यांनी हिशेब केला. “भरलेली बॅटरी चार पूर्णांक दोन व्होल्ट. भागिले शून्य दशांश दोन. एकवीस अँपिअर.” ते भावाकडे वळले. “आपला गीझर नऊ खातो. आणि तू एकवीस तोंडात धरणार?”

भावानं नळीकडे बघितलं. मग तोंडाला हात लावून बघितला.

पाच मिनिटांचं काम त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिस सुटल्याबरोबर स्कूटरवरून अख्खं शहर ओलांडून आला. “झालं का पास?” नव्हतं झालं. तिसऱ्या दिवशी आला. नव्हतं झालं. मग तो रोजच यायला लागला.

सिगारेट सुटलेला माणूस घरात असणं म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. पहिल्या संध्याकाळी त्यानं माझ्या चकल्यांचा डबा संपवला. मग शंकरपाळ्यांचा. मग बडीशेप, मग लवंगा, मग देवघरातली खडीसाखर. हाताला चाळा हवा म्हणून माझी सगळी पितळेची भांडी घासली, तांब्यांवरचं नाव वाचता येईना इतकी घासली. पाणीपुरीवाल्याशी भांडला, कारण त्यानं “और दूँ?” असं उर्मटपणे विचारलं म्हणे. माझ्यावर ओरडला, मग रडवेला होऊन माफी मागितली, आणि माफी मागताना उरलेले अनारसे खाल्ले. आणि तिकडे टेबलावर हे दोघं शास्त्री कापसाचा धागा चिमट्यानं उचलून बघतायत! माझ्या नाकी नऊ आले.

एके संध्याकाळी भाईसाब मेगर घेऊन आले. मेगर म्हणजे हँडल फिरवून पाचशे व्होल्ट काढणारी एक पेटी. वाइंडिंगमधली वीज ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तर उतरत नाही ना, हे त्यावरून कळतं. हत्ती तोलायच्या काट्यावर मिरीचा दाणा ठेवायची तयारी.

“मेहुणे, नळी जरा घट्ट धरा,” हे म्हणाले.

त्यानं धरली. भाईसाबांनी हँडल फिरवलं. एका कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या दोन माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मेव्हणा हा विजेचा वाहक असतो. भाऊ “आई गं!” म्हणून उडाला, नळीही उडाली, आणि तिचं उघडं तोंड बरोबर चिवड्याच्या परातीत जाऊन पडलं. कॉइल चिवड्यात सांडली. तो चिवडा मग सगळ्यांनी मिळून चाळला. आधी पीठ चाळायच्या चाळणीनं, मग हातानं, शेंगदाणे एकीकडे, डाळं एकीकडे, कढीपत्ता एकीकडे. कॉइल सापडली ती खोबऱ्याच्या कापाला चिकटलेली. चिवड्याचं कोणी काही बोललं नाही. मी बोलले.

कॉइल धुऊन, परत बसवून, ह्या वेळी नळी पाटावर ठेवून मेगर लावला. काटा शून्यावर गेला आणि तिथेच झोपला.

“शून्य,” हे म्हणाले.

“ज़ीरो,” भाईसाब म्हणाले. दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोघांचे चेहरे कोणी गेल्यासारखे झाले. वाइंडिंग पूर्ण बॉडीला टेकलंय, ह्याहून वाईट निकाल टेस्टिंगमध्ये नसतो म्हणे. कॉइल नापास.

भाच्यानं दुसऱ्या काही कॉइली गुंडाळून एका डबीत ठेवल्या होत्या. त्यातली दुसरी बसवली. शून्य. तिसरी बसवली. शून्य. आता हे दोघं रोज संध्याकाळी एकेका कॉइलला नापास करत बसायचे आणि भाऊ मधे खुर्ची घेऊन दोघांचे वाद सोडवायचा. ऑफिसात फायलींवर मतं देऊन देऊन तो त्यात तयार होताच. “भाईसाबांचा मुद्दा ग्राह्य आहे, पण जीजाजींचा आक्षेप नोंदवावा लागेल,” असं म्हणून तो माझ्या ताटलीतले पोहे तोंडात टाकायचा. मी बघत होते. ऑफिसातून थेट यायचा, दोन्ही वेळची भूक एकदम काढायचा, आणि निघताना जिन्यात चप्पल शोधत उगाच उभा राहायचा.

पण मला तेव्हा त्यातलं काही समजलं नाही. मला दिसत होता फक्त हात. चहाचा कप धरताना त्याचा हात थरथरत होता. वाटलं, आज ना उद्या हा माणूस तुलसी नगरला परत जाताना पानाच्या टपरीवर थांबणार. इतके दिवस तग धरला हेच नशीब. आणि माझा नवरा मात्र पास करायचं नाव घेईना! शेवटी एका संध्याकाळी, भाऊ यायच्या आधी, माझा पारा चढला.

“अहो, तुम्हाला काही वाटतं का?” मी म्हटलं. “तो तुमच्या शून्याची वाट बघत बसलाय. उद्या त्यानं परत सिगारेट पेटवली तर मी तुमच्या मेगरची वायर तुमच्याच हातात देईन आणि हँडल मी फिरवेन. माझे वडील गेले त्यात. भाऊ नाही घालवायचा मला. द्या पास करून!”

“अगं, पण शून्य आहे ना,” हे अगदी बारीक आवाजात म्हणाले. “मी त्याला ते तोंडात कसं धरू देऊ? माझाही मेव्हणा आहे तो.”

मी आत जाऊन कणीक मळली. चांगलीच मळली गेली.

तेवढ्यात लाइट गेले. ह्यांनी टॉर्च उचलला, तो लागेना. अंधारात चाचपडत त्यांनी टॉर्च उघडला, सेल काढून परत घातले, आणि मग काहीच आवाज येईना. मला वाटलं पडले की काय. बाहेर आले तर हे पेटलेला टॉर्च उभा धरून स्वतःच्याच हनुवटीवर उजेड पाडत उभे. मी दचकून किंचाळले.

“बॉडी!” हे म्हणाले. “अगं, बॉडी!” आणि गॅलरीत जाऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “भाईसाब! एक टोक मुद्दाम बॉडीला आहे!”

झालं होतं ते असं. ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेनं टाकीला कुठेही टेकायचं नसतं. पण ह्या नळीत टॉर्चसारखंच असतं: वीज कॉइलच्या एका टोकानं शिरते आणि दुसऱ्या टोकातून नळीच्या धातूत उतरून परत जाते. एक टोक बॉडीला जोडलेलंच हवं. कॉइल बसवून मेगर लावला की शून्यच येणार, आणि शून्य आलं तरच ती कॉइल ठीक. म्हणजे ह्या दोन महापुरुषांनी इतके दिवस एकामागून एक धडधाकट कॉइल नापास केली होती, ती धडधाकट आहे एवढ्याच कारणावरून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर बैलांची जोडीच होती. दोघांना लाज वाटेल असं मला वाटलं. कसली लाज! दोघं अंधारात जिन्यात एकमेकांना मिठ्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं रीतसर झालं. आधी कॉइल काढून टाकली आणि मधली पिन आणि बॉडी ह्यांच्यात मेगर लावला. काटा पार पलीकडच्या टोकाला. “अनंत!” हे म्हणाले, कीर्तनात म्हणतात तसं. मग कॉइल बसवली. रिमोटला आणि मीटरला दोघांनाही नवे सेल आले, वायरी बदलल्या, वायरींचं वजा केलं. शून्य दशांश चार. म्हणजे साडेदहा अँपिअर. बॅटरी तेवढं आरामात देते, तिच्यावरचं प्लास्टिक कुठे फाटलेलं नाही, तेही भिंगानं बघून झालं. शेवटी कापूस न घालता बटन दाबायचं आणि कॉइल सगळीकडे सारखी लाल होते का ते बघायचं, एवढंच राहिलं.

त्यासाठी ह्यांनी माळ्यावरून कारखान्याचं पिवळं हेल्मेट काढलं. रबरी हातमोजे घातले. मला फ्रिजच्या मागे उभं केलं. भाईसाब वाळूची बादली घेऊन आले होते. कुठून आणली देव जाणे, गल्लीत कोणाचं तरी बांधकाम चाललंय. भाऊ कुलरच्या स्टँडआडून बघत होता. हेल्मेटवाल्या माणसानं मिरीच्या दाण्याला लांब चिमट्यानं धरलं आणि बटन दाबलं. कॉइल मधोमध लाल झाली, मग दोन्ही बाजूंना सारखी पसरली, आणि विझली. कुठे ठिणगी नाही, काही नाही.

“पास,” हे म्हणाले.

भाईसाबांनी हात पुढे केला. मी देवाला नमस्कार केला. सुटले एकदाची. कापूस ओवून झाला, पाणी घालून झालं, टोपण लागलं, आणि ह्यांनी नळी दोन्ही हातांनी भावापुढे धरली.

त्यानं घेतली. ओठांजवळ नेली. अंगठा बटनावर ठेवला. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत उभे. आणि अंगठा काही दबेना.

“दाब की,” मी म्हटलं.

त्यानं नळी खाली घेतली. हातात फिरवली. हात स्थिर होता. आम्हा तिघांना दिसत होतं, अगदी स्थिर होता. कधीपासून होता कोण जाणे. मी कपच बघत बसले होते.

“जीजाजी,” तो म्हणाला, “आणखी एकदा मोजता का?”

ह्यांनी पास केलेल्या वस्तूला पुन्हा मोजायला सांगणं म्हणजे ह्यांच्या तोंडावर ह्यांचा अपमान. ह्यावरून ते एका मोठ्या साहेबाशी वर्षभर बोलले नव्हते. मला वाटलं आता भडका उडणार.

“का? काय खोट दिसली तुला?”

“खोट नाही.” भाऊ नळीकडेच बघत होता. “मतलब… पास झाली तर मग उद्यापासून मी कशाला येऊ?”

इतके दिवस मी त्याला नळीची वाट बघणारा समजत होते. तुलसी नगरच्या त्या क्वार्टरला तो संध्याकाळी कुलूप उघडत असेल, दिवा लावत असेल आणि मग करायला काहीच नसेल म्हणून काडी ओढत असेल, हे मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, त्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

आमच्या ह्यांनी चष्मा लावला. नळी त्याच्या हातातून काढून घेतली, टोपण उघडलं, मीटरच्या दोन्ही वायरी कॉइलला टेकवल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मीटरवर शून्य दशांश चार स्पष्ट दिसत होतं, जागचं हललंसुद्धा नाही.

“डळमळतंय,” हे म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी सांगितलेलं हे पहिलं खोटं रीडिंग. “नापास आहे. उद्या ये, जरा लवकर ये, बघू.”

भाईसाब वाकले, मीटरकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, “उद्या? मुझे तो लगता है, महीनों लगेंगे.”